सुगरणीच्या घरट्याची जागा व विणीचे यश

कृष्णा, कोयना, येरळा, माणगंगा व अग्रणी या नद्यांच्या खोऱ्यांत आषाढ-श्रावणात फिरताना, विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना लोंबणारी सुगरण पक्ष्याची घरटी ज्याने पाहिली नाहीत असा शेतकरी सातारा-सांगलीकडे विरळाच आढळेल. परंतु पक्षी तीच फांदी का निवडतो, आणि निवड चुकली तर काय होते, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. बांध, विहीर व झाड या तिन्हींची व्यवस्था शेतकऱ्याच्या हाती असल्यामुळे हा विषय त्याने समजून घेणे इष्ट आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाव सुगरण असले तरी घरटे विणणारा कारागीर नर होय. विणीच्या हंगामात त्याचे डोके व छाती पिवळीधमक होते. भात, रानगवत किंवा शिंदीच्या पात्याच्या कडेला चोचीने छेद देऊन, उडता उडता तो त्याची लांब धांदोटी सोलतो. अशा धांदोट्या सुमारे २० ते ६० सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि एका घरट्यासाठी त्याला सुमारे ५०० खेपाही कराव्या लागतात. साधारण आठ दिवसांत घरटे उलट्या टोपलीच्या आकाराचे होते व मध्ये एक आडवी पट्टी राहते. येथे नर काम थांबवतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत येते, हिसके देऊन पाहते, आणि तिला पसंत पडले तरच तो अंड्यांची खोली व खाली उतरणारी नळी पूर्ण करतो. नापसंत घरटे तसेच अर्धवट लोंबत राहते. एकीने घर पत्करले की नर लगेच दुसरे बांधू लागतो. मुंबई इलाख्यात अलिबागजवळील किहीम येथे डॉ. सलीम अली यांनी १९३० साली एका वसाहतीचे सातत्याने निरीक्षण करून हा सर्व व्यवहार उजेडात आणला.

मादी पाहते काय? विणीची सफाई ती पाहतेच; परंतु त्याहून अधिक महत्त्व ती जागेला देते, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले आहे. घरटे झाडावर उंच असावे आणि ते बारीक फांदीला टांगलेले असावे, या दोन गोष्टी तिला विशेष मानवतात. कारण उघड आहे. साप, उंदीर व कावळे हे अंड्यांचे व पिलांचे शत्रू. करंगळीएवढ्या लवचिक फांदीच्या टोकावर सापाला पकड मिळत नाही व कावळ्याला बसता येत नाही. बाभळीचे काटे हा वरचा पहारा समजावा. विहिरीवरील फांदीला तर खालून चढण्याचा मार्गच नसतो. तथापि एका पाहणीत, पाण्यावरील घरट्यांपेक्षा कोरड्या जमिनीवरील घरट्यांना माद्यांनी अधिक पसंती दिल्याचे आढळले, ही गोष्ट आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. लेखकाच्या मते यात नवल नाही; पहिल्या भरारीत चुकलेले पिलू जमिनीवर पडले तर वाचण्याची आशा असते, विहिरीत पडले तर नसते.

दुसरी बाब वाऱ्याची. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पुष्कळ वसाहती झाडाच्या पूर्व बाजूस, म्हणजे आडोशाला असतात. वाचकांनी आपल्या विहिरीवर उभे राहून याची खात्री करून घ्यावी. घरट्याच्या आतील भागास नर ओल्या चिखलाचे गोळे चिकटवतो. त्या वजनाने घरटे वाऱ्यात कमी हेलकावते, असे डॉ. अलींचे मत होते.

तिसरी बाब पावसाची. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण-आटपाडीकडे तो पाचशेच्या आसपासच असतो. ओले, चिवट पाते मिळाल्याखेरीज विणकाम होत नाही, आणि पिलांना भरवण्यास किडे मिळाल्याखेरीज ती वाढत नाहीत. मृगाने ओढ दिली की घरटीही लांबतात.

आता नुकसानीविषयी. बाजरी व ज्वारी दाण्यात असताना सुगरणींचे थवे कणसांवर उतरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. गोफण व राखण हाच त्यावर उपाय. परंतु पिलांना ती मुख्यतः किडेच भरवते, त्यांत नाकतोडे व अळ्या असतात, हेही हिशेबात धरावे.

खटाव तालुक्यातील एका गावी ऑगस्ट महिन्यात विहिरीकाठच्या बाभळीची सावली कांद्याच्या रोपवाटिकेवर पडते, म्हणून ती काढून टाकण्याचा सल्ला प्रस्तुत लेखकाने दिला होता. सल्ला शास्त्रास धरून होता; महिना चुकला. झाड आडवे झाले तेव्हा सात घरटी खाली आली व त्यांपैकी चारांत पिले होती. मालक काही बोलले नाहीत. त्यांची वृद्ध आई मात्र म्हणाली, “साहेब, एवढा भादवा जाऊ द्यायचा होता.” तिचे गणित बरोबर होते. अंडी दोन ते चार असतात, ती उबण्यास चौदा ते सतरा दिवस लागतात, आणि पिलू उडण्यास आणखी सुमारे पंधरा ते सतरा दिवस. म्हणजे अंडे घातल्यापासून एका महिन्याच्या आसपास घरटे रिकामे होते. वसाहतीतील सर्व जोड्या एकाच वेळी वीत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबरअखेर अशा झाडास हात लावू नये. छाटणी दसऱ्यानंतर करावी. तीही करताना विहिरीवर झुकलेल्या पूर्वेकडील दोन-चार बारीक फांद्या राखल्या, तर पुढील वर्षी वसाहत त्याच झाडावर येण्यास वाव राहतो. विजेच्या तारेवर घरटी आढळल्यास स्वतः काठीने काढू नयेत. जिवास धोका असतो.

शोभेसाठी जुनी घरटी तोडून नेण्याची प्रथा बाजारात दिसते. ती मोकळी झालेली घरटी निकामी नसतात. पांढऱ्या कंठाची मुनिया पुष्कळदा त्यांतच आपली अंडी घालते.