ग्रो-ऑर्लोज : एका नगराचे घड्याळ

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात सीन नदीच्या काठी रुआँ हे जुने व्यापारी नगर आहे. तेथील एका गजबजलेल्या रस्त्यावर दगडी कमान असून तिच्यावर नगराचे घड्याळ बसविलेले आहे. ‘ग्रो-ऑर्लोज’, म्हणजे मोठे घड्याळ, या साध्या नावाने ते ओळखले जाते.

१३८२ मध्ये जाचक करांविरुद्ध येथील नागरिक उठले. सहाव्या चार्ल्स राजाने उठाव मोडून काढला आणि शिक्षा म्हणून नगराचा घंटामनोरा पाडून घंटा जप्त केल्या. ज्या नादाने लोक एकत्र येत, तोच हिरावला गेला. पुढे नवा मनोरा उभारला गेला आणि १३८९ मध्ये घड्याळाचे यंत्र घडविण्यात आले. १५२७ ते १५२९ या काळात मनोऱ्याला लागून प्रबोधनकालीन शैलीची कमान बांधण्यात आली. तिच्यावरील तबकडीमुळे वेळ वाटसरूच्या नजरेच्या टप्प्यात आली.

कमानीच्या दोन्ही अंगांस तबकडी आहे. तिचा व्यास सुमारे अडीच मीटर. ताऱ्यांनी भरलेल्या निळ्या आकाशात चोवीस किरणांचा सोनेरी सूर्य झळकतो. काटा एकच, तासाचा. मिनिटे मोजण्याची निकड त्या काळी नव्हती. काट्याच्या टोकाशी कोकरू आहे. नगराच्या मानचिन्हावरही कोकरूच आहे आणि लोकरीच्या कापडावर या नगराची भरभराट झाली होती. कमानीच्या आतील छतावर ख्रिस्ती परंपरेतील ‘उत्तम मेंढपाळ’ कोरलेला आहे.

तबकडीच्या वर एक गोल चंद्राच्या कला दाखवितो. खालच्या झरोक्यात त्या त्या वाराची देवता रथारूढ दिसते: सोमवारी चंद्रदेवता, मंगळवारी मंगळ, बुधवारी बुध, गुरुवारी गुरू, शुक्रवारी शुक्र, शनिवारी शनी, रविवारी सूर्य. आपल्या वारांचा क्रमही हाच आहे, हे वाचकांच्या सहज ध्यानी येईल.

ही सजावट केवळ शोभेसाठी नाही. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही चित्रावरून वार आणि चंद्राची कला समजावी, अशी तिची योजना आहे. ज्या नगराच्या घंटा एकदा राजाने काढून नेल्या, त्या नगराने वेळेचे ज्ञान भर रस्त्यात, सर्वांसाठी खुले ठेवले. ज्ञान कोणाच्या दृष्टीच्या उंचीवर ठेवावे, याचा हा दगडात कोरलेला पाठ आहे.