पाय बरा झाला, तरी लक्ष असू दे

अगं, पायाची सूज उतरली, डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवल्या, तू पुन्हा कामाला लागलीस. जीव भांड्यात पडला आमचा. पण आज थोडं नाजूक बोलायचं आहे, तुझ्या वजनाबद्दल. लग्नाकार्यात बायका टोमणे मारतात, तसं हे नाही. एकदा शिरेत रक्ताची गुठळी झाली की ती पुन्हा होऊ शकते, आणि अंगावर वजन जास्त असेल तर ती शक्यता वाढते. हे तुला घरच्या माणसानंच सांगायला हवं.

व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी उघड कारण नसताना गुठळी झालेल्या 1,107 रुग्णांवर, गोळ्या थांबल्यानंतर, काही वर्षं लक्ष ठेवलं. 2008 साली त्यांनी मांडलेला हिशेब असा: चार वर्षांत बेताच्या वजनाच्या 100 जणांमागे साधारण 9 जणांना पुन्हा गुठळी झाली, लठ्ठ असणाऱ्यांत 17 ते 18 जणांना. म्हणजे लठ्ठ असूनही 80च्या वर लोक सुखरूप राहिले. तेव्हा घाबरू नकोस, फक्त गाफील राहू नकोस.

असं का होतं? पोटाचा घेर वाढला की पायातून वर जाणाऱ्या रक्तावर दाब येतो, ते शिरांत रेंगाळतं. शिवाय चरबी नुसती पडून नसते. तिच्यातून असे पदार्थ रक्तात जातात की रक्त लवकर गोठतं आणि झालेली गुठळी लवकर विरघळत नाही. आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 25च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. पाच फूट उंचीला ते साधारण 58 किलो होतं. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी. शिलाईची टेप घे आणि घरीच मोजून बघ.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे हत्तीरोग आहे, त्यामुळे पाय सुजला की घरोघरी आधी तोच आठवतो. नाहीतर कोणी तेल कोमट करून पोटरी चोळायला बसतं. तू तसं करू देऊ नकोस. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखून टणक झाली, हात लावल्यावर गरम लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ आणि डॉप्लर सोनोग्राफीचं विचार. चोळल्यानं गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा भोवळ आली, तर घरात विचारविनिमय नको, सरळ 108ला फोन.

बिड्या वळणाऱ्या बाया कशा बसतात बघ. मांडी घातलेली, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. हात भराभर चालतात, पाय मात्र तासन् तास दुमडलेले. शिलाई मशीन असो की दुकानाचा गल्ला, बसून काम असेल तर तासाभरानं ऊठ, अंगणात चार फेऱ्या मार. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापूरकडे निघालीस तर डब्यात मधूनमधून चाल, बसल्या जागी पावलं वरखाली कर. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नकोस.

जेवणाचं म्हणशील तर धानाच्या मुलखात भात सोड असं मी सांगणार नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतेस तो भात तेवढा कमी कर. त्या जागी वरण, भाजी, तळ्यातल्या मासोळीचा कमी तेलातला रस्सा घे. उपास करून महिन्यात बारीक व्हायच्या फंदात पडू नकोस. 80 किलोतले चार किलो उतरून तिथंच टिकले, तरी साखर आणि बीपीला त्याचा फायदा होतो.

औषधांचंही ऐक. महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून मागवायची नाही. गर्भनिरोधक गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काही गोळ्यांनी रक्त गोठण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झाली तर ती मनानं बंद करायची नाही आणि तिच्यासोबत दुखण्याची गोळी परस्पर घ्यायची नाही. वजन उतरलं तरी गोळीचा निर्णय डॉक्टरांचाच. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घे. आपल्याकडे तो आजार बराच आहे आणि त्यातही गुठळीचा धोका वाढतो.

आणि एक वाक्य तोंडपाठ कर: "मला एकदा पायात गुठळी झाली होती." ऑपरेशन असो, बाळंतपण असो, पायाला प्लास्टर असो, समोरच्या डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नकोस. ते वाक्य आधी सांग. कित्येकदा आधी कळलं तर गुठळी टाळायचं औषध वेळेवर देता येतं. लाजायचं काही कारण नाही, गुठळी होणं हा तुझा गुन्हा नव्हता. जुनी फाइल पिशवीत ठेव, आणि सोबत कोणी नसेल तर मला हाक मार, मी येते.