चार लाल नोंदी

डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा एक रकाना असतो. माझ्या त्या रकान्यात 'फेअर' लिहिलंय. घरी आलो तेव्हा हिनं विचारलं, याचा अर्थ काय हो? मी म्हणालो, चांगलं. तोंडाला लावायच्या क्रीमच्या ट्यूबवर तिनं तो शब्द वाचलेला होता, त्यामुळं तिला पटलंही. फौजेत ही 'एक्झेम्प्लरी'पासून 'बॅड'पर्यंत उतरत येणारी शिडी आहे आणि 'फेअर' ही खालून तिसरी पायरी, हे मी तिला सात वर्षं सांगितलं नाही.

आमचा कोरेगाव तालुका म्हणजे घरटी एक फौजी. गावात माणूस दोनच तऱ्हेनं परत येतो, एकतर 'पेन्शनवर आला' किंवा 'नाव कापून आला'. मी दुसऱ्यातला. १९९८ ला भरती झालो आणि २०११ ला घरी बसलो. नोकरी तेरा वर्षं चार महिने. जवानाला पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. वीस महिने कमी पडले.

युनिटचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. सगळ्यांशी माझं वैर नाही, आणि चूक काही एकट्या त्यांचीच नव्हती.

माझ्या कंडक्ट शीटवर चार लाल नोंदी होत्या, म्हणजे रेड इंक एन्ट्री. पहिली २००१ ची. वडील वारले, तेरावं झालं, आणि लगेच भावकीनं वाटणीचा विषय काढला. सुट्टी संपून एकोणीस दिवस वर झाले. दुसरी २००४ ची. गार्ड ड्यूटी होती आणि रम जास्त झाली होती. तिला काही कारण नाही, आजही देत नाही. तिसरी पुन्हा सुट्टीवरून उशिरा आल्याची, हिच्या बाळंतपणात. चौथी हवालदाराला उलटून बोलल्याची. प्रत्येक वेळी टोपी आणि बेल्ट काढून सीओ साहेबांसमोर पेशी, मग क्वार्टर गार्डमध्ये काही दिवस, मग पुन्हा कामावर. शिक्षा भोगली की हिशेब मिटला असं मी धरून चाललो होतो. कागदावर तो मिटत नाही, साठत जातो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सुट्टीवरच्या पोरांसाठी इथंच सांगून टाकतो. उशीर होणार असं दिसलं की युनिटला आधी कळवा, आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. आजारी पडलात तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात जाऊन हजेरी द्या. गावच्या डॉक्टरच्या चिठ्ठीला युनिटमध्ये कुणी फार मान देत नाही. मी दोन्ही वेळा 'गेल्यावर सांगू' म्हणालो. गेल्यावर ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

आता ती नोटीस. जुलै महिना, बाहेर पाऊस. क्लार्कनं ऑफिसात बोलावून इंग्रजीतला दीड पानाचा कागद पुढं ठेवला. सेवेतून का काढू नये याचं कारण दाखवा, असा त्याचा मतलब. क्लार्क आपल्याच बाजूचा होता, माझ्यावर त्याचा जीव होता. तो म्हणाला, "उत्तरात माफी लिही, साहेब दयाळू आहेत." उत्तर त्यानंच टाइप केलं, चार ओळींचं. माझ्या चुका मला मान्य आहेत, पुन्हा होणार नाहीत, मला एक संधी द्यावी. मी सही केली. पेन चालेना, म्हणून त्यानं स्वतःचं दिलं. एवढं मला लख्ख आठवतं, पण त्या नोटिशीत काय काय लिहिलं होतं ते आठवत नाही, कारण मी ती वाचलीच नव्हती.

त्या चार ओळींत वडिलांचं मरण नव्हतं, बाळंतपण नव्हतं. तेरा वर्षांतली साडेपाच वर्षं मी फील्ड एरियात आणि बर्फात काढली होती, तेही नव्हतं. पुढं कोर्टात सरकारी वकिलानं पहिला कागद दाखवला तो हाच. बघा, यानं तर सगळं कबूल केलंय.

म्हणून अशी नोटीस हातात आली तर त्या दिवशी फक्त पोच द्या. मुदत मागून घ्या. ज्याला इंग्रजी येतं अशा माणसाकडून ती शब्दन् शब्द वाचून घ्या. उत्तरात प्रत्येक नोंदीचं कारण लिहा, कुठं कुठं पोस्टिंग झालं ते लिहा, पेन्शनला किती महिने उरलेत ते लिहा. नुसती माफी लिहू नका.

घरी आल्यावर मी सांगितलं, पेन्शन मंजूर व्हायची आहे, कागद अडकलेत. पहिली काही वर्षं महिन्याच्या सुरुवातीला बँकेच्या पायरीवर म्हाताऱ्या पेन्शनरांत जाऊन उभाही राहायचो. मग पुण्याला हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागलो. तिथं माजी सैनिकाला पगार वेगळा होता. सुपरवायझरनं डिस्चार्ज बुक चाळलं, परत दिलं आणि म्हणाला, "तुम्हाला साध्या गार्डात घेतो." माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येतून गैरवर्तनासाठी काढलेला माणूस वगळलेला आहे. कॅन्टीनचं कार्ड नाही, ईसीएचएसचा दवाखाना नाही, पोरांना सवलत नाही. तेरा वर्षं वर्दी घातली, पण सरकारदरबारी मी माजी सैनिक नव्हतो.

२०१८ मध्ये एका लग्नात पंगतीला शेजारी सुभेदार तात्या बसले होते. सत्तरीच्या पुढचे, कान कमी आणि आवाज मोठा. "तुझ्या पेन्शनीचं काय झालं रं?" सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. रात्री त्यांच्या ओट्यावर जाऊन खरं सांगितलं. ते चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "नोटिशीच्या आधी चौकशी झाली होती का?" मी म्हणालो, कसली चौकशी?

खरी गोम इथं आहे. चार लाल नोंदी झाल्या की माणूस आपोआप बाहेर, असं फौजेत सगळे धरून चालतात. क्लार्क धरतो आणि जवानही धरतो. पण तसा कायदा नाही. आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ खाली हे डिस्चार्ज होतात, आणि ते कसे करावेत याचं आर्मी हेडक्वार्टरचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. आधी प्राथमिक चौकशी करा, मग नोटीस द्या. जवानानं किती वर्षं काढली, कसल्या कठीण ठिकाणी काढली ते पाहा. पेन्शनजवळ आलेल्याचा सहानुभूतीनं विचार करा. आणि चार नोंदी झाल्या म्हणजे काढलंच पाहिजे अशी सक्ती नाही, हेही त्यात आहे. वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये ही पद्धत बंधनकारक ठरवली. चौकशीविना काढलेल्या त्या जवानाला पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत होता असं धरलं. मागचा पगार मात्र दिला नाही.

म्हणजे निकाल लागून तीन वर्षं झाली होती आणि मी गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत होतो.

याचा अर्थ हा निकाल सगळ्यांना तारतो असा नाही. ज्यांची चौकशी रीतसर झाली, त्यांच्या याचिका फेटाळल्याही जातात. म्हणून आपल्या कागदात काय आहे ते आधी पाहायचं, वकील त्यानंतर. मी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडं अर्ज केला. शीट रोल, कंडक्ट शीट, नोटीस, माझं उत्तर, डिस्चार्जचा आदेश, आणि चौकशीची कार्यवाही. प्रत्येक कागद वेगळा नाव घेऊन मागा. 'माझी सगळी कागदपत्रे द्यावीत' असं लिहिलं की काहीतरी दोन पानं येतात. तीस दिवसांच्या आत पाकीट आलं. गंमत अशी की झेरॉक्स काळीपांढरी, त्यात लाल नोंद आणि काळी नोंद सारखीच दिसत होती. ज्या शाईनं माझा संसार उधळला तिचा रंगही कागदावर उरला नव्हता. चौकशीच्या मुद्द्यापुढं 'उपलब्ध नाही' असं लिहून आलं होतं. तात्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि आतल्या घरात चहाची ऑर्डर दिली.

उशीर करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. पेन्शन नसलेल्याचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मग 'उपलब्ध नाही'चा अर्थ तुमच्या बाजूनं लागेल असं नाही.

मोबाईलवर काहीबाही शोधून माझ्याकडं सल्ल्याला येणारेही असतात. एक पोरगा फॉर्म नंबर २९३ कुठं मिळतो म्हणून विचारत आला. अरे बाबा, तो अमेरिकेचा! तिथं डिस्चार्जचा दर्जा बदलून देणारं वेगळं बोर्ड आहे, पंधरा वर्षांच्या आत त्याच्याकडं अर्ज करता येतो. आपल्याकडं तसं बोर्ड नाही. आपल्याकडं आर्मी अॅक्टच्या कलम २६ खाली तक्रार करायची, आणि तिथं दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं झालेलं, आपल्यासाठी मुंबईला पीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जायचं. तक्रारीला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि कारण पटवावं लागतं. 'लाज वाटली' हे कारण माझ्या वकीलबाईंनी अर्जात लिहू दिलं नाही. खरं कारण तेच होतं.

वकिलावरून आठवलं. पहिल्यांदा भेटला तो वकील नव्हताच, एजंट होता. स्टँडजवळच्या हॉटेलात बसून म्हणाला, "एरिअर्सच्या तीस टक्के, आत्ता काही देऊ नका." ऐकायला गोड वाटतं. पण निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांना त्यांच्या बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. असं बोलणारा माणूस दिसला की चहाचे पैसे देऊन उठायचं. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिक नाही म्हणून मी तिकडं फिरकलोच नव्हतो. गेलो तर तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली.

तक्रारीला उत्तर आलं नाही. २०१९ मध्ये अर्ज दाखल केला. मग कोविड आला आणि तारखा लांबत गेल्या. न्यायाधिकरणात समोर दोघं बसतात, एक न्यायाधीश राहिलेले आणि एक फौजेतले मोठे अधिकारी राहिलेले. पहिल्या तारखेला त्यांना बघून माझे पाय आपोआप सावधान झाले, हात वर जायला लागला. वकीलबाईंनी कोपर दाबून धरलं. सरकारी वकिलानं माझं ते चार ओळींचं उत्तर वाचून दाखवलं. फौजी साहेबांनी एकच विचारलं, चौकशीचे कागद कुठं आहेत? पुढच्या तारखेला देतो म्हणाले. त्या पुढच्या तारखेलाही तेच. असं दीड वर्ष चाललं.

२०२२ मध्ये आदेश झाला. पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत नोकरीत होतो असं धरून पेन्शन. थकबाकी मात्र अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच. तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये घालून दिलेली ती रेघ आहे. माझी पंधरा वर्षं २०१३ मध्ये भरत होती. तिथपासून २०१६ पर्यंतची पेन्शन गेली, आणि ती कुणी खाल्ली नाही, मीच बँकेच्या पायरीवर उभा राहून घालवली. २०११ ला मिळालेली ग्रॅच्युइटीही हिशेबात वळती करून घेतली. ती घराच्या स्लॅबमध्ये कधीच जिरली होती. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर पहिला आकडा बघून माणूस हबकतो.

चारित्र्याचा रकाना तसाच आहे. त्याबद्दल आम्ही काही मागितलं नव्हतं. हिला आता त्याचा अर्थ माहीत आहे. ती म्हणाली, रम प्यायलेल्याला अजून काय लिहितील?

गेल्या मे महिन्यात पुतण्या सुट्टीवर आला होता. सहा वर्षं नोकरी, एक लाल नोंद आधीच पडलेली. शुक्रवारी सुट्टी संपत होती आणि रविवारी मामाच्या मुलीचं लग्न. "काका, दोन दिवसांनी काय होतंय?" सगळं घर त्याच्या बाजूनं. वहिनी तर माझ्यावर डोळे वटारून बसलेल्या. मी त्याला म्हणालो, साहेबांना फोन कर, सुट्टी वाढवून माग, दिली तर राहा. त्यानं केला. नाही म्हणाले. गुरुवारी रात्री मीच त्याला मोटरसायकलवरून सातारा स्टेशनला सोडलं. पोरगं रुसलेलं, वाटेत एक शब्द बोललं नाही. गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हातही केला नाही. सोमवारी त्याच्या मोबाईलवरून लग्नाच्या फोटोंखाली एक अंगठा आला. म्हणजे पोचला होता.