ऐकलेले गाणे, सांगितलेले गाणे

प्रस्तावना

दिवसभरात आपल्या कानांवर कितीतरी गाणी पडतात. पहाटे देवळातील भूपाळी, बसमध्ये चालकाने लावलेले चित्रपटगीत, शेजारच्या घरातील हरिपाठ, कामावरील सोबत्याच्या फोनमधून येणारी लावणी. यांतील बहुतेक गाणी आली तशी निघून जातात. एखादे मात्र मनात राहते आणि ते कोणाला तरी सांगावे, ऐकवावे असे वाटते. "मी सध्या हे ऐकतो आहे, तुम्हीही ऐका," असे आपण म्हणतो, तेव्हा केवळ एका गाण्याचे नाव सांगत नसतो. आपल्या मनाचा एक कोपरा दुसऱ्यासाठी उघडत असतो.

"आम्हांला संगीतातले काय कळते?" असे म्हणून अनेक जण गप्प राहतात. परंतु राग ओळखता येणे आणि गाणे भावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणारा बोलला नाही, तर गाणे त्याच्यापाशीच थांबते. ऐकणारे बोलले, तर गाणे केवढा प्रवास करू शकते, हे या पाठात आपण तंजावूरच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• तंजावूर आणि मराठी भाषा यांचा सांगीतिक संबंध सांगता येईल;
• कीर्तनाचा दक्षिणेतील कथाकीर्तनावर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल;
• आपण ऐकलेल्या गाण्याविषयी सुसंगतपणे बोलता व लिहिता येईल;
• 'आवडले' या शब्दामागील कारण नेमक्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

१. कावेरीकाठची मराठी

तंजावूर हे तमिळनाडूतील कावेरीच्या खोऱ्यातील शहर. महाराष्ट्रापासून ते शेकडो कोस दूर आहे. तरीही तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठी भाषेतील एक प्रदीर्घ शिलालेख कोरलेला आढळतो. १८०३ साली कोरलेल्या या लेखात भोसले घराण्याचा इतिहास सांगितलेला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांनी तंजावुरात आपली सत्ता स्थापन केली. १८५५ पर्यंत हे घराणे तेथे नांदले.

राजे मराठी होते, प्रजा तमिळ होती आणि आधीच्या नायक राजांच्या काळापासून दरबारात तेलुगूला मान होता. अशा ठिकाणी एका भाषेने दुसरीला दाराबाहेर ठेवले असते, तर नवल वाटले नसते. तंजावुरात मात्र भाषा एकमेकींचे ऐकू लागल्या. व्यंकोजींचे पुत्र शाहजी राजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले. त्यांनी तेलुगूत पदे व संगीतनाटके रचली आणि मराठीतही नाटके लिहिली. त्यांच्या 'लक्ष्मीनारायण कल्याण' या नाटकाची गणना मराठीतील आरंभीच्या नाटकांत होते. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात तर एकाच रंगमंचावर पाच भाषा नांदतात. आपल्या भाषेचा अभिमान बाळगूनही शेजाऱ्याची भाषा कानाआड न करणारा हा राजा होता.

२. ऐकले ते लिहून ठेवले

शाहजींचे धाकटे बंधू तुळजाजी राजे १७२८ ते १७३६ या काळात गादीवर होते. त्यांच्या नावावर 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ आहे. रागांचे वर्णन करताना या ग्रंथात केवळ जुन्या शास्त्राची पुनरुक्ती नाही. त्या काळी प्रत्यक्ष गायिल्या जाणाऱ्या रचनांतील स्वरसमूहांचे दाखले दिलेले आहेत. म्हणूनच तीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी राग कसे गायिले जात, याची काही कल्पना आज अभ्यासकांना करता येते. गाणारे गेले, ऐकणारेही गेले; परंतु कोणीतरी ऐकलेले टिपून ठेवले, म्हणून एवढे तरी उरले.

पुढे दुसरे सरफोजी राजे यांनी १७९८ ते १८३२ या काळात विद्या व कला यांना उदार आश्रय दिला. भरतनाट्यमच्या आजच्या प्रयोगक्रमाला आकार देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू त्यांच्याच काळी दरबारात होते. नृत्यासाठी रचलेल्या मराठी रचना सरफोजींच्या नावावर आहेत. त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या नाटकात तर जगाचा भूगोल मराठी गाण्यांतून सांगितला आहे! 'कुरवंजी' हा भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या भोवती गुंफलेला तमिळ नाट्यप्रकार. साचा तमिळ, भाषा मराठी आणि विषय आधुनिक भूगोल. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात आज तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. त्यांत अशा अनेक रचना जपलेल्या आहेत.

३. चिपळ्यांचा प्रवास

दरबाराचे संगीत दरबारापुरते राहिले असते, तर ते लोकांपर्यंत पोहोचले नसते. लोकांपर्यंत गेले ते कीर्तन. समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ तंजावूर परिसरात स्थापन झाले होते. मराठी कीर्तनकार तेथे येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांनी तंजावुरात चातुर्मास केला. त्यांची कीर्तने ऐकायला मराठी कुटुंबांबरोबर तमिळ श्रोतेही बसत.

या कीर्तनांचा ठसा कृष्ण भागवतर या तरुण गायकावर उमटला. मराठी कीर्तनाची घडण त्यांनी मन लावून अभ्यासली. बुवा पूर्वरंगात विषय मांडतात, मग आख्यान रंगवतात. कथा पुढे नेताना साकी, दिंडी, ओवी, अभंग अशी निरनिराळी वृत्ते व छंद वापरतात. बोलणे, गाणे, अभिनय आणि विनोद एकाच सूत्रात गुंफतात. कृष्ण भागवतरांनी हे सारे आपलेसे केले. मात्र त्याची नक्कल केली नाही. मराठी छंदांच्या जोडीला त्यांनी त्यागराजांच्या कृती, तमिळ पदे आणि संस्कृत श्लोक यांची गुंफण केली. त्यातून दक्षिणेतील 'हरिकथा' हा कलाप्रकार नव्या रूपात उभा राहिला. साकी आणि दिंडी ही नावे तेथील कथाकारांच्या परिभाषेत रुळली. 'निरूपण' हा शब्द रुळला. आपल्या चिपळ्याही गेल्या. तमिळमध्ये त्यांना 'चप्लाकट्टै' म्हणतात.

विचार करा. यासाठी कोणी आज्ञापत्र काढले नव्हते. एका माणसाने गायिले, दुसऱ्याने ऐकले, त्याला ते मोलाचे वाटले आणि त्याने ते आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत ऐकवले. एवढ्यानेच एक परंपरा हजार किलोमीटर दूर रुजली.

४. शिष्यांनी सांगितले म्हणून

तंजावूरजवळच कावेरीकाठी तिरुवैयारु हे गाव आहे. थोर वाग्गेयकार संत त्यागराज (१७६७–१८४७) यांचे आयुष्य तेथे गेले. सरफोजी राजांनी त्यांना दरबारी बोलावले आणि त्यांनी नम्रपणे नकार दिला, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या शेकडो कृती आज गायिल्या जातात, त्या त्यांच्या शिष्यांमुळे. उमयाळपुरम्, वालाजापेट आणि तिल्लैस्थानम् अशा तीन शिष्यपरंपरांनी त्या कृती कंठात धरल्या, लिहून ठेवल्या आणि पुढच्या पिढीला शिकवल्या. तिरुवैयारु येथे दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच प्रसिद्ध कृती एका सुरात गातात. नामवंत कलावंत आणि साधे श्रोते त्या दिवशी एकाच मांडवात बसलेले असतात.

मराठी अभंगांचेही तसेच आहे. दक्षिणेतील संप्रदाय-भजनांत अभंगांना स्थान आहे आणि कर्नाटक संगीताच्या मैफलींतही आज ते आवडीने गायिले जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी बोलता येत नाही. काही उच्चार तमिळ वळणाचे होतात. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचे ते येतेच.

५. एक पत्र

आता एक पत्र वाचा. नोकरीनिमित्त तंजावुरात राहणाऱ्या एका भावाने गावाकडील बहिणीला ते लिहिले आहे, अशी कल्पना केली आहे.

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

गेल्या एकादशीला आमच्या गल्लीत भजन होते. घरमालक आजोबा मला हाताला धरूनच घेऊन गेले. त्यांचे पूर्वज मराठी. ते घरी जी मराठी बोलतात ती आपल्यापेक्षा निराळी आहे. काही शब्द मला दोनदा विचारावे लागतात. भजनात सगळे तमिळ बोलणारे लोक होते. मध्येच त्यांनी एक अभंग सुरू केला आणि मी दचकलो. आई पहाटे दळताना म्हणायची तोच तो अभंग! चाल वेगळी होती, मृदंगाचा ठेका जलद होता; पण शब्द तेच. पहिल्या चरणाला मला जात्याची घरघर ऐकू आली.

ताई, तुला आठवते का, आई गाऊ लागली की मी रेडिओचा आवाज वाढवत असे? मला तिचे गाणे जुनाट वाटे. ती कधी रागावली नाही. नुसता आवाज लहान करायची. आज परक्या मुलखात परक्या माणसांनी तिचे गाणे मला परत दिले. आजोबांनी विचारले, "हे तुमच्याकडे कसे गातात? म्हणून दाखवा." मी उभा राहिलो, आणि दोन कडव्यांनंतर थांबलो. पुढचे मला येत नव्हते.

ती पुढची कडवी तुला येत असतील. लिहून पाठव. त्याहून चांगले म्हणजे आईच्या चालीवर म्हणून फोनवर पाठव. आजोबांना ऐकवायची आहेत. मुलीलाही शिकवायची आहेत.

तुझा,
अ. ब. क.

६. या पत्रातून काय घ्यायचे?

पत्र लिहिणारा संगीताचा जाणकार नाही. त्याने रागाचे नाव दिलेले नाही. तरीही गाणे आपल्यापर्यंत पोहोचते. याचे कारण त्याने चार गोष्टी सांगितल्या आहेत : काय ऐकले, कोठे व कोणाबरोबर ऐकले, त्यातील नेमके काय मनाला लागले आणि ते आपल्यासाठी मोलाचे का आहे. चौथी गोष्ट सांगताना तो स्वतःची चूकही लपवत नाही. म्हणून त्याचे लिहिणे खरे वाटते.

"गाणे फारच सुंदर होते" असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागले नसते. "पहिल्या चरणाला मला जात्याची घरघर ऐकू आली" या वाक्याने मात्र आई, पहाट आणि घर एकदम उभे राहते. नेमका तपशील विशेषणापेक्षा अधिक बोलतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पत्र शेवटी काही मागते. आज बोटाच्या एका स्पर्शाने आपण कोणालाही गाणे पाठवू शकतो. ही मोठीच सोय आहे. परंतु गाण्याबरोबर दोन ओळी नसतील, तर ते अनेकदा न ऐकताच पुसले जाते. 'का' सांगितले की ऐकणारा थांबतो. आणि 'तुझ्याकडे काय आहे?' असे विचारले की तोही बोलू लागतो. कदाचित त्या बहिणीखेरीज ती कडवी कोणालाच येत नसतील. विचारले नाही, तर ती तिच्याबरोबरच जातील.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) 'संगीतसारामृत' हा ग्रंथ कोणाच्या नावावर आहे?
(१) शाहजी (२) तुळजाजी (३) सरफोजी (४) व्यंकोजी
(आ) 'देवेंद्र कुरवंजी' या नाटकाचा विषय कोणता?
(१) युद्ध (२) विवाह (३) भूगोल (४) वैद्यक

२. रिकाम्या जागा भरा.
(अ) चिपळ्यांना तमिळमध्ये ______ म्हणतात.
(आ) मराठी कीर्तनाची घडण ______ यांनी दक्षिणेत आपलीशी केली.

शब्दार्थ

वाग्गेयकार – गीताचे शब्द आणि स्वररचना दोन्ही करणारा
आख्यान – कीर्तनाच्या उत्तरार्धात सांगितली जाणारी कथा
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट
ती. – तीर्थरूप/तीर्थस्वरूप, वडीलधाऱ्यांसाठी आदराचा मायना
शि. सा. – शिरसाष्टांग

तुम्ही काय शिकलात?

• तंजावुरात मराठी, तमिळ, तेलुगू व संस्कृत या भाषांच्या सहवासातून संगीत व नाट्य समृद्ध झाले.
• मराठी कीर्तन ऐकणाऱ्यांनी ते आपल्या भाषेत पुढे सांगितले आणि दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप मिळाले.
• गाणे टिकते ते गाणाऱ्यांइतकेच ऐकणाऱ्यांमुळे आणि सांगणाऱ्यांमुळे.
• गाण्याविषयी सांगताना काय, कोठे, नेमके कोणते स्थळ आणि का, या चार गोष्टी सांगाव्यात.

पाठान्त प्रश्न

१. तंजावूरच्या राजांनी अनेक भाषांत रचना केल्या. यातून त्यांची कोणती वृत्ती दिसते? पाच-सहा ओळींत लिहा.
२. 'कृष्ण भागवतरांनी नक्कल केली नाही', या विधानाचा अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
३. पत्रातील भावाला कशाची खंत वाटते? ती त्याने कोणत्या तपशिलांतून व्यक्त केली आहे?
४. तुम्ही सध्या ऐकत असलेल्या एखाद्या गाण्याविषयी मित्राला किंवा नातेवाइकाला पत्र लिहा. 'सुंदर', 'छान', 'अप्रतिम' हे शब्द वापरू नका.
५. उपक्रम : घरातील किंवा शेजारील वयस्क व्यक्तीला तिचे आवडते जुने गाणे म्हणण्याची विनंती करा. ते शब्दशः उतरवून घ्या. ते त्यांनी कोणाकडून ऐकले, कधी म्हटले जाई, हेही खाली लिहा. ही वही जपून ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) २, (आ) ३
२. (अ) चप्लाकट्टै, (आ) कृष्ण भागवतर