टाकीतला तपकिरी चिकटा

प्रश्न : माझ्या प्रवाळांच्या टाकीत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे धरलेले तंतू पसरलेत. दर दोन दिवसांनी पाणी बदलतो, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणले, तरी वाढच! गोगलगायीही मरताहेत. टाकी मोडून टाकू का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मुळीच मोडू नका. तुमच्या वर्णनावरून ही डायनोफ्लॅजेलेट (एकपेशी सूक्ष्मजीव) दिसतात, आणि ती घाणीमुळे नव्हे, अतिस्वच्छतेमुळे माजतात. पोषकद्रव्यं संपली की डायनोफ्लॅजेलेटशी स्पर्धा करणारं शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडतात. रान यांना मोकळं मिळतं. म्हणून आधी पाणी बदलणं थांबवा, फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत हळूहळू वाढवा, रोज मोजा.

मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघाच, कारण उपाय जातीवर ठरतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतं, त्यावर यूव्ही दिवा चांगला चालतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही. तिथे यूव्ही वाया जातो. थोडं सिलिकेट घालून डायटम (सूक्ष्म शेवाळ) वाढवले, तर ते त्याची जागा घेतात. तीन दिवस अंधार केल्यास तात्पुरता उतार पडतो, एवढंच.

सगळी डायनोफ्लॅजेलेट मारणाऱ्या औषधाच्या मोहात पडू नका. प्रवाळांना पोसणारी झूझँथेली ही सूक्ष्म शेवाळंही त्याच गटातली! गोगलगायी मरताहेत म्हणजे विषारी जात असू शकते. हातमोजे घाला, नळीला तोंड लावून पाणी ओढू नका. काही आठवडे लागतील, पण टाकी सावरते.