प्रोसेसरची निवड : वेग की संख्या?

सर्व्हरचा प्रोसेसर निवडताना केवळ कोअर, म्हणजे स्वतंत्र गणनकेंद्रे, मोजणे पुरेसे नाही. इंटेलने २०१३ मध्ये आणलेले दोन झिऑन प्रोसेसर या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. दोहोंची औष्णिक मर्यादा १३० वॅटच. परंतु ‘ई५-२६६७ व्ही२’मध्ये ३.३ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचे ८ कोअर, तर ‘ई५-२६९७ व्ही२’मध्ये २.७ गिगाहर्ट्झचे १२. संगणकीय खेळांचा भार बहुधा थोड्याच कोअरवर पडतो; तेथे पहिला सरस. चित्रफितींच्या रूपांतरासारखे काम अनेक कोअरमध्ये वाटता येते. तेथे दुसऱ्याचा ३२.४ हा गुणाकार पहिल्याच्या २६.४ हून अधिक ठरतो. आरंभीच्या किमती अनुक्रमे २,०५७ व २,६१४ डॉलर होत्या. केवळ खेळांसाठी ५५७ डॉलर अधिक मोजणे म्हणजे अपव्ययच. म्हणून आधी काम निश्चित करावे, मगच प्रोसेसर.