गावचा आराखडा आणि ग्रामसभा

प्रादेशिक आराखडा कचेरीत रेखाटला जातो. परंतु त्यातील प्रत्येक रंगाखाली कोणाचे तरी शेत अथवा कुळागर असते. गोव्यात २००६ साली अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकक्षोभामुळे २००७ साली मागे घ्यावा लागला. शेती व वनाच्या जमिनींवर वसाहतीचा रंग चढल्याचे लोकांना मागाहून कळले होते. पुढील आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. त्या वेळी मसुद्याचे नकाशे पंचायतींकडे पाठवून सूचना मागविण्यात आल्या.

हे योग्यच झाले. खाजनातील मानस, म्हणजे भरतीचे खारे पाणी अडविणारे दार, नेमके कोठे आहे आणि त्याच्या बाजूस भराव पडल्यास कोणती शेते बुडतील, हे नकाशाकारापेक्षा तेथील शेतकरी अधिक जाणतो.

गोवा पंचायतराज अधिनियम, १९९४ अन्वये गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांत तिच्या साधारण सभा भरतात. तेथे तावातावाने केलेले भाषण इतिवृत्तात उतरले नाही, तर ते हवेतच विरते. ‘आराखडा अन्यायकारक आहे’ एवढ्याने हरकत सिद्ध होत नाही. भूमापन क्रमांक व पोटविभाग, जमिनीचा प्रत्यक्ष वापर आणि अपेक्षित बदल लेखी नमूद करावा. नमुना १ व १४ चा उतारा जोडावा आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.